कोंबडीची जकात आणि लहान पिकअप गाडी

वाहनांचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टि बहुधा वेगाकडे अगर वैभवाकडे वळते. राजेरजवाड्यांच्या रथांपासून शर्यतींच्या मोटारींपर्यंत जें जें डोळे दिपविणारें, तें तें ग्रंथांत सांपडतें. परंतु सामान्य गृहस्थ ज्या गाडीवर आपला संसार ओढतो, तिची हकीकत शोधूं गेल्यास ती जकातीच्या कोष्टकांत आणि कायद्यांच्या परिशिष्टांत विखुरलेली आढळते. अमेरिकेंतील लहान पिकअप गाडी ही अशांपैकींच एक होय. पुढें दोन किंवा चार माणसांच्या बसण्याची सोय, मागें उघडा हौदा आणि हौद्याच्या शेवटीं खालीं पडणारा फाळका, एवढेंच तिचें रूप. १९२५ सालीं ती जन्मास आली. १९८० च्या सुमारास ती त्या देशाच्या रस्त्यांवर विपुल दिसूं लागली. २०११ साल संपतां संपतां ती जवळजवळ नामशेष झाली. आणि २०२१ सालीं पेट्रोल व वीज या दोहोंच्या संकरानें चालणारें यंत्र पोटांत घेऊन ती पुन्हां अवतरली. या जन्ममरणाच्या फेऱ्यांत गिऱ्हाइकांच्या आवडीनिवडीचा भाग किती आणि राज्यकर्त्यांच्या भांडणांचा भाग किती, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखांत आमचा विचार आहे.

हा विषय आपल्याकडील वाचकांस अगदींच परका वाटूं नये. मिशिगन, मिनेसोटा, ऑन्टॅरिओ अशा हिमप्रदेशांत आज कितीतरी मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत, आणि त्यांच्या आईबापांस येथें बसून तेथील हिंवाळ्याचीं वर्णनें ऐकण्याची संवय झाली आहे. अशा घराची गरज काय असते? वर्षांतून चार-पांच महिने बर्फानें भरलेल्या रस्त्यावरून कामाच्या ठिकाणीं सुखरूप पोंचावें. उन्हाळा आला म्हणजे मुलांच्या सायकली घेऊन एखाद्या सरोवराकांठीं जावें. बागेसाठीं चार पोतीं माती किंवा कपाटासाठीं चार फळ्या आणाव्या. आणि हें सारें करतांना पेट्रोलाचा खर्च हाताबाहेर जाऊं नये. मागणें इतकें साधें आहे. तें पुरें करणारी गाडी त्या धनाढ्य देशांत दहा वर्षें नवी विकत मिळत नव्हती, हें मात्र साधें नाहीं.

मोटारीचा आणि सायकलचा संबंध लेकीचा आणि मायेचा आहे, हें आतां कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. हेन्री फोर्डनें ४ जून १८९६ रोजीं डेट्रॉइटच्या रस्त्यावर जी आपली पहिली गाडी बाहेर काढली, ती सायकलच्या चार चाकांवर उभी होती आणि तिचें नांवच मुळीं ‘क्वाड्रिसायकल’ असें होतें. अमेरिकेंतील ड्युरिया बंधु, फ्रान्समधील प्यूजो, जर्मनींतील ओपेल, इंग्लंडांतील रोव्हर या सर्वांच्या घराण्यांत मोटारीच्या आधीं सायकल आली. तेव्हां आज सायकल मोटारीच्या हौद्यांत निजून प्रवास करते, तें लेकीनें म्हाताऱ्या आईला यात्रेस नेण्यासारखेंच समजावें.

फोर्डची ‘टी’ नमुन्याची मोटार १९०८ सालीं निघाली आणि ती प्रामुख्यानें खेड्यापाड्यांत शिरली. शेतकऱ्याला मोटार हवी होती ती मिरविण्यासाठीं नव्हे. तो तिची मागची बैठक काढून टाकी, तेथें गांवच्या सुताराकडून फळ्यांची पेटी बसवून घेई आणि दुधाचीं कॅनें, बटाट्यांचीं पोतीं, डुकरांचीं पिलें तींत भरून बाजार गांठी. १९१७ सालीं कंपनीनें एक टन वजन वाहणारा ‘टीटी’ नांवाचा सांगाडा विकावयास काढला. त्यावरील पेटी मात्र गिऱ्हाइकानें स्वतःच करवून घ्यावयाची असे. जें हजारों सुतार करीत होते तें आपणच कां करूं नये, हा विचार कारखान्यास उशिरां सुचला. १५ एप्रिल १९२५ रोजीं ‘पिकअप पेटीसह रनअबाउट’ अशा लांबलचक नांवाची गाडी २८१ डॉलरांस विक्रीस आली. तिचें इंजिन २० अश्वशक्तीचें. मागच्या कमानी अधिक भक्कम. हौदा सुमारें ५६ इंच लांब व ४० इंच रुंद. फाळका वरखालीं करतां येणारा. आणि कडांस खुंट उभे करण्यासाठीं चार खोबणी. पहिल्याच वर्षीं तिच्या सुमारें ३४,००० प्रती खपल्या. वाचकांनीं हे ५६ इंच आणि या चार खोबणी लक्षांत ठेवाव्या; त्यांचें काम पुढें पडणार आहे.

याच गरजेनें पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास निराळें रूप घेतलें. ऑस्ट्रेलियांतील गिप्सलँड प्रांतांतल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीनें फोर्डच्या तेथील शाखेस पत्र लिहून विचारलें, कीं रविवारीं आम्हांस भिजूं न देतां चर्चमध्यें नेईल आणि सोमवारीं आमचीं डुकरें बाजारांत पोंचवील अशी एकच गाडी कां होऊं नये? लू बँड नांवाच्या तरुण आरेखकानें त्यावरून जी गाडी आंखली ती १९३४ सालीं बाजारांत आली आणि ‘यूट’ या नांवानें त्या देशाच्या अंगवळणीं पडली. त्या बाईचें नांव इतिहासानें जपलें नाहीं. परंतु आमच्या मतें या सबंध विषयाचें मर्म तिनें एका वाक्यांत सांगितलें होतें. दोन गाड्या पोसण्याचें सामर्थ्य नसलेल्या घराला एकाच गाडींत सभ्यपणा आणि कष्ट हीं दोन्ही हवीं असतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन पिकअप दिवसेंदिवस फुगत चालली. तेव्हां लहान गाडीची उणीव परदेशी लोकांनीं भरून काढण्यास आरंभ केला. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीनें आपल्या प्रसिद्ध डबा-गाडीचें उघड्या हौद्याचें रूप १९५२ सालीं काढलें. जपानच्या डॅटसन कंपनीची चिमुकली पिकअप १९५८ सालीं लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनांत झळकली. या गाड्या स्वस्त होत्या, तेल थोडें पीत आणि घरच्या अंगणांत मावत. सर्व कांहीं सुरळीत चाललें असतें तर कथा येथेंच संपली असती. पण मध्यें कोंबडी आडवी आली.

कोंबडीचें मांस हें पूर्वीं अमेरिकेंतही सणासुदीचें अन्न होतें. महायुद्धानंतर तेथें कोंबड्यांची पैदास शेतावर होण्याऐवजीं कारखान्यासारखी होऊं लागली, भाव कोसळले, आणि गोठविलेल्या स्वस्त कोंबड्यांनीं भरलेलीं जहाजें पश्चिम जर्मनीच्या बंदरांस लागूं लागलीं. जर्मन गृहिणी संतुष्ट झाल्या आणि युरोपांतील कोंबडीपालक हवालदिल झाले. १९६२ सालीं युरोपीय सामाईक बाजारपेठेनें या कोंबड्यांवर जबर जकात बसविली. अमेरिकेंत यावरून जो गदारोळ उठला, तो आज वाचतांना हंसूं आल्याशिवाय राहत नाहीं. आर्कान्सा हा कोंबड्यांचा प्रांत. तेथील सिनेटर फुलब्राइट यांनीं अण्वस्त्रांच्या प्रश्नावर चाललेली नाटो राष्ट्रांची चर्चा थांबवून कोंबडीचें गाऱ्हाणें मांडलें. बर्लिनच्या भिंतीचे आणि क्यूबांतील क्षेपणास्त्रांचे ते दिवस होते. तरीही राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्याशीं झालेल्या आपल्या पत्रव्यवहाराचा निम्मा भाग कोंबड्यांविषयीं असावा, अशा अर्थाचे उद्गार जर्मन चॅन्सेलर आडेनाउअर यांनीं काढल्याची नोंद आहे.

वाटाघाटी फिसकटल्या. जागतिक जकातविषयक कराराखालीं नेमलेल्या पंचांनीं अमेरिकेचें नुकसान २ कोटि ६० लक्ष डॉलरांचें ठरविलें, आणि तेवढ्याची भरपाई करून घेण्याचा हक्क तिला मिळाला. ४ डिसेंबर १९६३ रोजीं, म्हणजे अधिकारावर येऊन पुरते दोन आठवडे झाले नव्हते तोंच, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं फर्मान काढलें: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, महाग ब्रँडी आणि हलक्या मालमोटारी या चार जिनसांवर २५ टक्के आयात-जकात. ७ जानेवारी १९६४ पासून तिचा अंमल सुरू झाला. पहिल्या तीन जिनसांशीं आपलें कर्तव्य नाहीं. चौथी फोक्सवॅगनच्या पिकअपवर नेम धरून घातलेली होती, आणि नेम अचूक लागला. एका वर्षांत जर्मनींतून येणाऱ्या मालमोटारींचें मूल्य सुमारें एक-तृतीयांशावर आलें.

तथापि आंतरराष्ट्रीय कराराचा एक नियम असा, कीं जकात लावावयाची ती सर्व देशांस सारखी लावावी; एकट्या जर्मनीस वेगळें काढतां येत नाहीं. त्यामुळें कोंबड्यांशीं ज्यांचा कांहींएक संबंध नव्हता ते जपानी कारखानदारही या तडाख्यांत सांपडले. चोर सोडून संन्याशाला फांशी म्हणतात तें हेंच. पुढें स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि ब्रँडी यांवरील बोजा उतरला. हलक्या मालमोटारींवरील जकात मात्र साठ वर्षांहून अधिक काळ टिकली. ज्या कोंबड्यांसाठीं ती लादली त्यांचीं हाडेंही उरलीं नाहींत, आणि तिचे मूळ उद्देश सांगणारे मुत्सद्दीही काळाच्या पडद्याआड गेले. परंतु एकदां उभारलेल्या भिंतीच्या सावलींत देशी कारखानदारांनीं आपलीं बिऱ्हाडें थाटलीं होतीं. ती पाडावी असें त्यांना कां वाटावें?

जकात आली कीं पळवाट आलीच. जकात पूर्ण मालमोटारीवर होती. हौदा नसलेल्या सांगाड्यावर केवळ ४ टक्के होती. म्हणून स्वतः अमेरिकन कंपन्याच जपानमध्यें लहान गाड्या करवून घेऊं लागल्या. फोर्डनें माझ्दाकडून ‘कुरियर’ आणि जनरल मोटर्सनें इसुझूकडून ‘लव्ह’ नांवाची गाडी घेतली. गाडी हौद्यावांचून जहाजांतून येई, आणि किनाऱ्यावर उतरली म्हणजे तिच्या पाठीवर हौदा चढविला जाई. १९८० सालीं जकात खात्यानें ही फट बुजविली. त्याहून मौजेची युक्ति सुबारू कंपनीची. तिनें १९७८ सालीं ‘ब्रॅट’ नांवाची चारी चाकें ओढणारी लहान पिकअप अमेरिकेंत आणली आणि तिच्या उघड्या हौद्यांत मागें तोंड करून बसावयाच्या प्लास्टिकच्या दोन खुर्च्या पक्क्या जोडून टाकल्या. हौद्यांत खुर्च्या असल्यानें ती माल वाहणारी गाडी राहिली नाहीं, माणसें वाहणारी ठरली, आणि तिला २५ टक्क्यांऐवजीं प्रवासी मोटारीची किरकोळ जकात पडली. हिंवाळ्यांत त्या खुर्च्यांवर बसण्याचें धाडस कोणीं केलें असेल तर त्याच्या प्रकृतीविषयीं आम्हांस आदर वाटतो. खुद्द रोनाल्ड रेगन यांच्या कॅलिफोर्नियांतील शेतावर अशी एक गाडी होती. पुढें ते राष्ट्राध्यक्ष झाले, पण त्यांच्या कारकीर्दींतही ती जकात जशीच्या तशीच राहिली.

या सोंगांची हद्द पुढील शतकांत झाली. २००९ पासून फोर्ड कंपनी तुर्कस्तानांत बनलेल्या ‘ट्रान्झिट कनेक्ट’ नांवाच्या बंद गाड्या मागच्या बैठकी आणि खिडक्या लावून बाल्टिमोर बंदरांत उतरवी, प्रवासी मोटारीची अडीच टक्के जकात भरी, आणि मग त्याच बंदरांत बैठकी उखडून व कांचांच्या जागीं पत्रे ठोकून त्यांची मालगाडी करी. नव्या कोऱ्या बैठकी केवळ समुद्र ओलांडण्यापुरत्या बसवावयाच्या आणि उतरतांच मोडींत घालावयाच्या! सरकारनें हरकत घेतली, खटला अनेक वर्षें चालला, आणि २०२४ सालीं कंपनीनें ३६ कोटि ५० लक्ष डॉलर देऊन तो मिटविला. आमच्या मुंबईच्या महिंद्र कंपनीलाही या भिंतीची उंची मोजावी लागली. तिनें आपली डिझेलची पिकअप सुट्या भागांच्या पेट्या भरून अमेरिकेंत न्यावी आणि तेथें जोडावी असा बेत २००९ सालीं जाहीर केला होता. परंतु तो तडीस गेला नाहीं.

जकातीनें परदेशी लहान गाडी अडविली, पण देशीं बनणाऱ्या लहान गाडीस अटकाव नव्हता. निसाननें १९८३ सालीं टेनेसी प्रांतांत कारखाना घातला आणि त्यांतून बाहेर पडलेली पहिली गाडी एक पांढरी पिकअपच होती. फोर्डची ‘रेंजर’ त्याच सुमारास आली आणि जवळजवळ तीस वर्षें चालली. मग तीही कां मेली? येथें दुसरा एक कायदा पुढें येतो, आणि त्याची कथा पहिल्याहून अधिक खेदकारक आहे, कारण तो चांगल्या हेतूनें केलेला होता.

१९७३ च्या तेलटंचाईनें अमेरिकेचे डोळे उघडले आणि १९७५ सालीं तेथील कायदेमंडळानें प्रत्येक कंपनीच्या गाड्यांनीं एका गॅलनमध्यें सरासरी किती मैल जावें, याचें बंधन घातलें. हेतु असा, कीं गाड्या हलक्या आणि काटकसरी व्हाव्या. पुढें २००८ ते २०११ या वर्षांत मालमोटारींसाठीं या बंधनाचें गणित बदललें. गाडीच्या चार चाकांमधलें क्षेत्रफळ मोजावयाचें आणि त्यावरून तिचें लक्ष्य ठरवावयाचें. क्षेत्रफळ जितकें मोठें, तितकें लक्ष्य सौम्य. सगळ्यांनींच लहान गाड्या केल्या तर अपघातांत त्या चिरडल्या जातील ही भीति यामागें होती, आणि ती अगदींच निराधार नव्हती. परंतु परिणाम काय झाला तो पहा. लहान पिकअपनें पार करावयाची उडी मोठ्या पिकअपच्या उडीहून उंच ठरली. आंगठीएवढी गाडी करून जो नफा मिळावयाचा तो तुटपुंजा, आणि तिच्यावर कायद्याचा काच अधिक. तेव्हां गाडी चहूंबाजूंनीं वाढवून घेणें हाच कारखानदारास शहाणपणा वाटला. तेल वांचविण्यासाठीं केलेला कायदा तेल पिणाऱ्या गाडीचा पाठीराखा झाला. डिसेंबर २०११ मध्यें मिनेसोटांतील सेंट पॉल येथील जुना कारखाना बंद पडला आणि शेवटची लहान रेंजर बाहेर पडली. त्याच नांवाची गाडी २०१९ सालीं अमेरिकेंत परत आली तेव्हां ती ओळखूं न येण्याइतकी थोराड झाली होती.

सर्व दोष कायद्यांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. पेट्रोल स्वस्त असे तेव्हां गिऱ्हाइकही मोठ्या गाडीवर भाळे. शेजाऱ्याची गाडी उंच झाली कीं आपलीही उंच हवी ही ईर्ष्या तेथेंही आहे. पण ज्याला लहानच हवी होती त्याचें काय? त्याचें मत कोणीं विचारलें नाहीं, इतकें खात्रीनें म्हणतां येतें. आणि त्याचा पुरावा आपणांस २०२१ सालीं मिळावयाचा आहे.

तत्पूर्वीं सायकलींविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. पिकअप आणि सायकल यांची जोडी केवळ सोयीची नाहीं; तिच्या पोटीं एक सबंध खेळ जन्मला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मॅरिन परगण्यांत टॅमल्पायस नांवाचा डोंगर आहे. त्याच्या आसपासच्या टेकड्यांवर १९७० नंतर कांहीं तरुण तीस-चाळीस वर्षांच्या जुन्यापुराण्या, जाड टायरांच्या श्विन सायकली घेऊन उतारांवरून धांवूं लागले. त्या सायकली इतक्या जड कीं चढावर नेणें जिवावर येई; म्हणून माणसें आणि सायकली एकत्र पिकअपच्या हौद्यांत कोंबून वर न्यावयाचीं आणि वरून सोडून द्यावयाचीं अशी रीत पडली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका वणवा-रस्त्यावर पहिली रीतसर शर्यत झाली. दोन मैलांच्या आसपास अंतर आणि सुमारें १,३०० फूट उतार. एवढ्यांत मागच्या ब्रेकमधलें वंगण जळून धूर होई आणि प्रत्येक खेपेनंतर तें नव्यानें भरावें लागे. त्यावरून त्या रस्त्याचें नांव ‘रिपॅक’ पडलें. जो ब्रीझ यानें १९७७ सालीं डोंगरासाठींच म्हणून पहिली सायकल बांधली. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनीं तिचा धंदा केला. आज आपल्या सह्याद्रींत हौशी लोक ज्या सायकली दामटतात त्यांचें मूळ त्या हौद्यांत आहे.

सायकल नेण्याच्या इतर रीती आहेत, पण हिंवाळी देशांत प्रत्येकीचा कांहीं ना कांहीं जाच होतो. छपरावर बांधावी तर गाडी वाऱ्याला अडते आणि तेल जास्त जाळते. मागें टांगावी तर चाकांखालून उडणारा खारट चिखल थेट सांखळीवर बसतो. हौद्यांत तिला आडोसा मिळतो. अडचण लांबीची. मोठ्या माणसाची सायकल सुमारें सहा फूट, आणि हौदा साडेचार. त्यावर उपाय निघाला तो असा: फाळक्यावर जाड गादी टाकावी, सायकलचें पुढचें चाक फाळक्याबाहेर लोंबूं द्यावें आणि मागचें आंत उभें करावें. अशा रीतीनें चार-पांच सायकली खेटून बसतात. पाहणाऱ्याला त्या कठड्यावरून डोकावणाऱ्या शेरडांसारख्या दिसतात.

आतां संकराकडे वळूं. पेट्रोल आणि वीज यांना एका गाडींत नांदविण्याची कल्पना नवी नाहीं. व्हिएन्ना येथील लोनर यांच्या कारखान्यांत फर्डिनांड पोर्श या पंचविशींतल्या यंत्रज्ञानें १९०० सालीं ‘सेंपर व्हिव्हुस’, म्हणजे ‘सदैव जिवंत’, या नांवाची गाडी बांधली. तिच्यांत लहान पेट्रोल-इंजिनें वीज उत्पन्न करीत आणि पुढच्या चाकांच्या तुंब्यांत बसविलेल्या विजेच्या मोटारी गाडी ओढीत. पण ती जड आणि महाग पडली, पेट्रोल स्वस्त होतें, आणि ही सदैव जिवंत गाडी सुमारें शंभर वर्षें निद्रिस्त राहिली. डिसेंबर १९९७ मध्यें टोयोटानें जपानांत ‘प्रियस’ विकावयास काढली तेव्हां तिला जाग आली. तत्त्व कोणत्याही गृहिणीस पटेल असें आहे: जें वायां जातें तें साठवावें. ब्रेक लावतांना साध्या गाडीची गति उष्णतेच्या रूपानें फुकट जाते. येथें विजेची मोटार जनित्राचें काम करून तीच गति बॅटरींत भरते आणि पुन्हां निघतांना परत देते. शहरांत, जेथें घडोघडी थांबावें लागतें, तेथें हा हिशेब विशेष जमतो.

थंडींत मात्र तो बिघडतो, आणि याविषयीं विक्रेते फारसें बोलत नाहींत. बॅटरी गारठली कीं ती वीज घेण्यास आणि देण्यास कुरकुरते. शिवाय बसणाऱ्यांना ऊब हवी. ती इंजिनाच्या उष्णतेंतूनच यावयाची, म्हणून जेथें इंजिन बंद राहून पेट्रोल वांचावयाचें तेथें तें चालूच ठेवावें लागतें. अमेरिकन सरकारच्या ऊर्जा खात्याचे आंकडे असे, कीं उणे ७ अंश सेल्सियसला शहरांतील साध्या पेट्रोल मोटारीची चाल २५ अंशांच्या मानानें सुमारें १५ टक्क्यांनीं घटते, तर संकर-गाडीची ३० ते ३४ टक्क्यांनीं. तरीही घटून उरलेला आंकडा बहुधा साध्या पिकअपच्या उन्हाळी आंकड्याहून बरा भरतो; परंतु उन्हाळ्याचा आंकडा हिंवाळ्यांत धरून संसाराचें अंदाजपत्रक करूं नये.

बर्फावर पिकअपची दुसरी खोड अधिक जुनी आहे. इंजिन पुढें आणि ओढणारीं चाकें मागें, अशी तिची परंपरागत रचना. हौदा रिकामा असला कीं मागें भार नाहीं, भार नाहीं म्हणून पकड नाहीं, आणि वळणावर शेपूट पुढें धांवूं लागते. याकरितां उत्तरेकडील लोक हिंवाळाभर मागच्या आंसावर वाळूचीं पोतीं टाकून ठेवतात. गाडी रुतली तर तीच वाळू चाकांखालीं पसरतां येते. ओढणारीं चाकें पुढें घेतलीं कीं इंजिनाचा भार त्यांच्यावर पडतो आणि हा खटाटोप पुष्कळसा वांचतो. त्याहूनही महत्त्वाचे टायर. फिनलंडांत १९३४ सालीं हिंवाळ्यासाठीं वेगळा टायर प्रथम निघाला. त्याचें रबर गारठ्यांतही मऊ राहतें व खांचा बर्फ पकडतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतानें २००८ पासून हिंवाळी टायर सक्तीचे केले. चारी चाकें ओढणारी गाडी निघते झटकन, पण थांबते इतरांसारखीच. थांबविणें टायरांच्या हातीं असतें. ही गोष्ट जाहिरातींत दिसत नाहीं, खड्ड्यांत उतरलेल्या गाड्यांत दिसते.

आणि मीठ. न्यू हॅम्पशायर प्रांतानें १९३८ सालीं रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठीं मिठाचा प्रयोग केला, आणि महायुद्धानंतर ती चाल सर्वत्र पसरली. मिठानें रस्ता मोकळा होतो आणि गाडीचा पोटाकडील पत्रा कुजतो. खुद्द डेट्रॉइट शहराच्या खालीं हजार फुटांहून अधिक खोल मिठाच्या खाणी आहेत आणि त्यांतलें मीठ रस्त्यांवर टाकलें जातें. जें नगर मोटारी घडवितें त्याच्याच पायाखालीं त्या खाणारा क्षार असावा, हा योग विलक्षण खरा.

८ जून २०२१ रोजीं फोर्डनें ‘मॅव्हरिक’ नांवाची पिकअप जाहीर केली. किंमत १९,९९५ डॉलरांपासून. जी सर्वांत स्वस्त, तिच्यांतच संकर-यंत्र बसविलेलें. ओढणारीं चाकें पुढचीं. शहरांत एका गॅलनला ४२ मैल, म्हणजे लिटरला सुमारें १८ किलोमीटर. ती मेक्सिकोंतील हेर्मोसियो येथें बनते. मेक्सिकोशीं मुक्त व्यापाराचा करार असल्यानें कोंबडीची जकात तिला आडवी आली नाहीं. आपल्या दृष्टीनें ती लहान मुळींच नव्हे. सुमारें साडेसोळा फुटांची ही गाडी पुण्याच्या एखाद्या पेठेंतल्या बोळांत शिरली तर बोळ भरून जाईल. परंतु तिची थोरली बहीण एकोणीस फुटांच्या पुढें आहे, हें ध्यानांत घेतां ‘लहान’ हा शब्द चालवून घ्यावा.

लहान गाडी कोणास नको, असें दहा वर्षें सांगितलें गेलें होतें. जानेवारी २०२२ मध्यें कंपनीला संकर-यंत्राच्या मॅव्हरिकच्या नव्या मागण्या स्वीकारणें थांबवावें लागलें. वर्षभराची शिल्लक संपली होती. मागणी दिसतांच किंमतही चढली, आणि २०२५ च्या नमुन्यास ती २६,००० डॉलरांच्या पुढें गेली. ज्या शेतकऱ्यासाठीं, शिक्षकासाठीं, नव्यानें घर मांडणाऱ्या जोडप्यासाठीं ही गाडी स्वस्त म्हणून वाखाणली गेली, त्यांच्या हातून ती पुन्हां थोडी सरकली. हिमप्रदेशांतील लोकांची एक तक्रार मात्र त्याच वर्षीं मिटली. तोंपर्यंत चारी चाकांची ओढ हवी असेल तर संकर-यंत्र सोडावें लागे, आणि संकर-यंत्र हवें असेल तर दोन चाकांवर भागवावें लागे. २०२५ च्या नमुन्यांत दोन्ही एकत्र मिळूं लागलीं.

तिच्या हौद्याची लांबी ५४ इंचांहून किंचित् अधिक आहे, म्हणजे १९२५ च्या हौद्याहून सुमारें दीड इंच कमी. त्याच्या कडांत, दोन इंच जाड आणि चार इंच रुंद अशा बाजारी मापाची फळी उभी बसेल अशा खांचा ठेवल्या आहेत. अशी एक फळी आडवी घालून तीवर सायकलींचीं पुढचीं चाकें अडकविण्याची चौकट लोक घरच्या घरीं, करवत आणि चार खिळे घेऊन, करूं लागले आहेत.